रो-रो : मालगाडीवर स्वार झालेले ट्रक

परवा रत्नागिरी स्थानकातून सपाट वाघिणींवर साखळ्यांनी जखडलेल्या ट्रकांची रांग गेली, आणि एका केबिनमध्ये निवांत पहुडलेला चालक पाहून शेजारचे गृहस्थ चकित झाले, म्हणून हा खुलासा.

कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णा या दरम्यान सुरू केलेल्या ‘रो-रो’ सेवेत भरलेला ट्रक चढणीवरून थेट वाघिणीवर चढतो, आणि कशेडी, भोस्ते आदी घाटांची दगदग चालकास चुकते.

पूर्वी ही गाडी डिझेल इंजिने ओढीत. रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात त्यांचा धूर कोंडू नये म्हणून यांत्रिक वायुवीजनाची तजवीज करावी लागली. २०२२ साली मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. प्रगती खरी, परंतु डिझेलचा तो घनगंभीर घोष मला अधिक प्रिय!