भिंतीवरून चित्रफलकावर : गुजरातची गृहसजावट आणि आधुनिक चित्र

सौराष्ट्रातील लोककलेचा विचार करताना प्रथम घराची रचना लक्षात घ्यावी लागते. दाराच्या चौकटीवर तोरण, भिंतीवर चौरस चाकळा, मागील भिंतीच्या वरच्या कडेने पछीतपाटी आणि डोक्यावर चंदरवो अशी भरतकामाची परंपरागत मांडणी तेथे आढळते. (भरतकामाला गुजरातीत नुसते 'भरत' म्हणतात.) ही वस्त्रे बहुधा वधू सासरी येताना सोबत आणीत असे. तोरणाच्या लोंबत्या पट्ट्या आंब्याच्या पानांचे स्मरण देतात व त्यांचा अर्थ उंबरठ्याशी निगडित असतो. तेच तोरण चौकटीत बसवून टांगले, की मोर आणि पोपट उरतात. उंबरठा मात्र नाहीसा होतो.

या परंपरेकडे वळलेल्या आधुनिक चित्रकारांपुढील खरा प्रश्न हाच होता. भावनगरचे खोडीदास परमार यांनी लोकभरतातील सपाट रंग आणि ठसठशीत बाह्यरेषा चित्रात आणली. भावनगरातच १९३४ मध्ये जन्मलेल्या ज्योती भट्ट यांचा मार्ग निराळा आहे. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात त्यांना ना. श्री. बेंद्रे व के. जी. सुब्रमण्यन यांचे मार्गदर्शन लाभले. १९६७ मध्ये गुजरातच्या लोककलेवरील एका परिसंवादासाठी त्यांनी खेड्यांतील भिंती, अंगणे व रांगोळ्या यांची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला आणि पुढे हे काम अनेक राज्यांत, अनेक दशके चालविले. शेणमातीने सारवलेल्या भिंतीवरील चित्र पुढच्या सारवणात जाते; पक्की घरे आली, की ते पुन्हा काढलेच जात नाही. म्हणून ही छायाचित्रे हाच पुष्कळदा एकमेव पुरावा ठरतो. त्यांच्या मुद्राचित्रांत मोर, पोपट व कमळ गुजराती अक्षरांच्या शेजारी येतात, आणि पुष्कळदा उपरोधाने. घरातील मंगलचिन्हाचा त्यांनी शब्दासारखा उपयोग केला. सजावटीची नुसती नक्कल करण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

पूर्व गुजरातेतील राठवा समाजाचा पिठोरा या संदर्भात विशेष बोलका आहे. नवस फेडण्यासाठी घराच्या मुख्य भिंतीवर हे चित्र काढतात; किंबहुना ते 'लिहितात', आणि लिहिणाऱ्यास लखारा म्हणतात. भिंत कुमारिका सारवतात, रंगांत दूध व मोहाची दारू मिसळली जाते, आणि घोड्यांवरील देवांची ओळख बडवा विधिपूर्वक पटवून घेतो. त्यानंतरच चित्र पुरे झाले असे मानतात.

आता हेच घोडे कापडावर व कागदावर विक्रीसाठीही येतात. त्यामुळे लखाऱ्यांना मिळकतीचे साधन मिळाले, आणि २०२३ मध्ये परेश राठवा यांना पद्मश्री मिळून या कलेचे नाव दूरवर पोहोचले. विकल्या जाणाऱ्या कापडापुढे मात्र बडव्याला बोलावले जात नाही. नवसाचा पिठोरा अद्याप भिंतीवरच लिहिला जातो.