भरती संपली की पळणेही संपते: सोणाच्या वीणेचा धडा

वारणानगर-कोडोली परिसरात पहाटे बाहेर पडले की रस्त्याच्या कडेने पळणारी मुले-मुली दिसतात. बहुतेकांची तयारी पोलीस नाहीतर सैन्य भरतीची. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे गुण ५०. आपल्या वस्त्यांतील कित्येक घरांत या ५० गुणांवर घरातली पहिली सरकारी नोकरी अवलंबून असते, त्यामुळे पोरे जीव तोडून पळतात.

आणि भरती झाली किंवा वय निघून गेले, की पळणे थांबते. मग तोच तरुण एखाद्या कारखान्यात रात्रपाळी करतो, वेळी-अवेळी वडापाववर भागवतो. चळवळीत असेल तर बैठका, मोर्चे, जयंतीची तयारी, जागरण आणि चहावर चहा. चाळिशीच्या आत रक्तदाबाची गोळी सुरू झालेले कार्यकर्ते प्रत्येक तालुक्यात सापडतील. तालमींच्या आणि कुस्तीच्या या जिल्ह्यात शरीर कमवायचे कसे, हे सांगणारे भरपूर आहेत. ते टिकवायचे कसे, हे क्वचितच कोणी सांगते. त्यासाठी आपल्याकडे बुद्धवचनांत बरेच काही आहे, पण आपण ते फक्त ध्यानाच्या खोलीपुरते ठेवले आहे.

सोण कोळिविस याची गोष्ट घ्या. हा चंपा नगरीतल्या श्रीमंत घरातला, अतिशय सुखात वाढलेला तरुण. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात तो इतके चंक्रमण करू लागला, म्हणजे सजगपणे येरझाऱ्या घालू लागला, की त्याच्या तळपायांतून रक्त येऊ लागले. एवढे करूनही हाती काही लागेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तथागत त्याच्याकडे गेले. तू पूर्वी वीणा वाजवायचास ना, तारा फार ताणल्या तर सूर नीट निघतो का, फार सैल ठेवल्या तर निघतो का, असे त्यांनी विचारले. दोन्ही वेळा उत्तर नकारार्थीच आले. मग त्यांनी सांगितले की अति प्रयत्नाने चित्त अस्वस्थ होते आणि अल्प प्रयत्नाने आळस येतो, म्हणून प्रयत्न सम असावा.

आपल्या तरुणांचे नेमके हेच होते. भरतीच्या आधी तार तुटेस्तोवर ताणलेली, भरतीनंतर पार सैल.

तार जास्त ताणली आहे हे कळायचे कसे? इथे स्मृती, म्हणजे पालीतली ‘सति’, उपयोगी पडते. सतिपट्ठान सुत्तात कायानुपस्सना येते. चालताना ‘मी चालतो आहे’ हे जाणणे, उभे राहताना, बसताना, खाता-पिताना त्या क्रियेचे भान ठेवणे, असे साधे वर्णन तिथे आहे. कानात इअरफोन घालून आणि मोबाइलवर मित्राची वेळ पाहत पळणाऱ्याला आपला श्वास ऐकू येत नाही. दम लागणे ठीक आहे. पण नडगीत एकाच जागी सतत दुखत असेल आणि रोज पळताना ते वाढत असेल, तर विश्रांती घ्यायला हवी. त्यावर दुखण्याची गोळी खाऊन पळणारी मुले पुढे महिनोन्‌महिने घरी बसतात. एक सोपी खूण लक्षात ठेवा: मध्यम वेगाच्या व्यायामात माणसाला बोलता येते, पण गाता येत नाही.

ऊस गाळपाच्या हंगामात तर या भागात सतीचा अर्थ शब्दशः जिवाशी येतो. पहाटेचे धुके, वळणावर उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे दिवा असेलच याची खात्री नाही. इअरफोन घरी ठेवावा, फिकट कपडे घालावेत, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे.

चंक्रमणाकडे केवळ ध्यानाचा प्रकार म्हणून पाहू नये. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद, परिश्रमाची ताकद, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी. पाचांतले चार शरीराशी जोडलेले आहेत! विनयातही नोंद आहे की वैशालीत एकामागून एक पक्वान्नांची भोजने झाल्याने भिक्खू जड आणि आजारी झाले, तेव्हा वैद्य जीवकाने चंक्रमण आणि स्नानासाठी उष्णगृह यांची परवानगी भगवंतांकडे मागितली, आणि ती मिळाली.

खाण्याच्या सवयीचे उत्तम उदाहरण कोसलराजा पसेनदीचे. तो द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकत बुद्धांकडे यायचा. स्मृती ठेवून, मात्रा जाणून खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची गाथा बुद्धांनी म्हटली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवण वाढताना म्हणायला सांगितले. मोबदला रोज १०० कहापण. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. राजाने निश्चयाच्या बळावर विसंबून न राहता आठवण करून देणारा माणूस नेमला, आठवणीची वेळ ठरवली आणि प्रमाण एका दिवसात न तोडता क्रमाने कमी केले. आपल्याला शंभर कहापण परवडत नाहीत, पण डबा खाताना शेजारी बसणारा मित्र चालतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला ९६ जणांचा अभ्यास याच दिशेने जातो. सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीगणिक हा आकडा १८ ते २५४ इतका बदलला. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय’ हे सगळ्यांना लागू नाही. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. एक दिवस बुडाला म्हणून सगळेच सोडून देणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

काही कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेबांनी तब्येतीची पर्वा केली का? मधुमेह, सांधेदुखी, मज्जातंतूंचे दुखणे सोसत त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिला हे खरे. पण तो ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झालेला त्यांना पाहता आला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला, ६५ व्या वर्षी, ते गेले. धम्मप्रसाराची पुढची वर्षे समाजाला त्यांच्याविना काढावी लागली. त्यांच्या शिरावर जो भार होता तो वाटून घ्यायला माणसे कमी होती. आज हजारो हात आहेत, तेव्हा झिजून जाण्याला निष्ठा म्हणण्याचे कारण उरलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे आणि दोन दिवस जोर-बैठका, एवढ्यात ते बसते. जिमचे शुल्क लागत नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. पहाटे एकटीने बाहेर पडणे सगळीकडे सुरक्षित नसते, आणि लग्नानंतर तर स्वतःसाठी वेळच उरत नाही. चंक्रमणाला मात्र लांब रस्ता लागत नाही. वीस-पंचवीस पावलांची सरळ जागा पुरते. विहाराचे अंगण तेवढे असतेच. रविवारी वंदनेनंतर लगेच सगळे घरी पांगतात, त्याऐवजी महिला, ज्येष्ठ आणि तरुण मिळून अर्धा तास तिथेच चालले तर जागा, वेळ आणि आठवण करून देणारी माणसे, तिन्ही एकदम मिळतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी सुरुवातीला रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. त्यासाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.