ताटली लंबगोल कशी होते?

मंडळाच्या बैठकीत केलेली एक चूक आधी कबूल करतो. एका शेतात सापडलेली मातीची अर्धी ताटली आमच्यापुढे होती. काठाची गोलाई मोजली तर एका जागी चपटी, दुसरीकडे जास्त वळलेली. मी इंजिनिअर, हातात कंपास, ठामपणे सांगून टाकलं, "ही मुद्दाम लंबगोल केलीय." कुणी हरकत घेतली नाही आणि नोंदवहीत तसंच उतरलं.

नंतर खानापूरला जाणं झालं. तिथली माती कुंभारकामासाठी नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच आहे. एका कुंभारमामांनी मला चाकावर बसवलं. ताटली जमली. पण उचलताना दोन्ही हात खाली घातले आणि मधला भाग लोंबला, कडा आत आल्या. मी बोटांनी दाबून पुन्हा गोल केली. मामा हसले. "आत्ता गोल दिसंल हो, भाजल्यावर बघा."

तसंच झालं. मातीचे कण चपटे, पत्र्यासारखे असतात आणि एकदा वाकडे बसले की तो ताण आत राहतो. वाळताना, भाजताना माती आकसते तेव्हा वाकडेपणा पुन्हा वर येतो.

पणती किंवा लहान परळाचं तसं नाही. ते मोठ्या गोळ्याच्या टोकावर काढतात. खाली निमुळती कंबर असते, तिथं दोरा फिरवायचा आणि दोन बोटांच्या चिमट्यात अलगद उचलायचं. ताटलीला कंबरच नाही! तळ रुंद आणि पातळ, धरायचं कुठं? म्हणून चाकावर चिखलानं लाकडी फळी चिकटवतात, ताटली तिच्यावरच काढतात आणि फळीसकट उतरवून ठेवतात. तार तळाखालून फिरवतात, पण ताटली हलवत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती चामड्यासारखी घट्ट झाली की वर दुसरी फळी ठेवून उलटी करायची.

वाळवणं हे आणखी एक दुखणं. काठाला वारा लागतो, तो आधी वाळतो; तळ फळीला चिकटलेला, ओलाच. माती शेकडा पाच-सहा आकसते असं धरलं तर 250 मिलिमीटरची ताटली 12 ते 15 मिलिमीटर लहान व्हायला बघते. काठ घट्ट झाल्यावर तळ आकसू लागला की मधोमध चीर जाते. त्यावर उपाय दोन. घडवतानाच तळ बोटांनी मधून बाहेर, बाहेरून मध्ये दाबून घट्ट करायचा (घाईत हेच राहून जातं), आणि नंतर काठावर ओलं फडकं टाकायचं.

परत आल्यावर तो तुकडा उलटा करून बघितला. इतके दिवस कुणी उलटा केलाच नव्हता. तळावर दोऱ्याच्या जवळजवळ समांतर रेघा, म्हणजे चाक थांबवून कापलेला; फिरत्या चाकावर कापला असता तर शंखासारख्या वळत्या रेघा उमटल्या असत्या. आणि काठ जिथं चपटा, बरोबर त्याच्याच खाली बोटांचे तीन खळगे.

हात जिकडून घातले तिकडची बाजू आत आली होती. नोंदवहीतलं 'मुद्दाम' खोडलं आणि पुढं लिहिलं, 'ओली असताना हातानं उचललेली'.