साइटमॅप

साइटमॅप : संकेतस्थळावरील ज्या पृष्ठांची नोंद शोधयंत्रांनी घ्यावी अशी स्थळचालकाची अपेक्षा असते, त्या पृष्ठांच्या पत्त्यांची यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात केलेली सूची. वाचकांच्या सोयीसाठी संकेतस्थळावर दिलेल्या अनुक्रमणिकेलाही कधीकधी हेच नाव देतात. तथापि प्रस्तुत नोंदीत केवळ शोधयंत्रांसाठी असलेल्या सूचीचा विचार केला आहे.

आवश्यकता : शोधयंत्राचा क्रॉलर हा संगणकीय कार्यक्रम मुख्यत्वे एका पृष्ठावरील दुव्यांवरून दुसऱ्या पृष्ठाचा माग काढतो. ज्या पृष्ठाकडे एकही दुवा जात नाही, ते सर्व्हरवर असूनही त्याच्या दृष्टीस पडत नाही. अशा पृष्ठास ‘अनाथ पृष्ठ’ म्हणतात. नव्या व लहान संकेतस्थळांकडे इतर स्थळांवरून येणारे दुवे थोडे असल्यामुळे त्यांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. उदा., एखाद्या लहान ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील तीनशे दुर्मिळ ग्रंथांची वर्णने स्वतंत्र पृष्ठांवर दिली, परंतु शोधचौकटीत ग्रंथनाम टंकित केल्याखेरीज ती पृष्ठे उघडत नाहीत, असे समजू. क्रॉलर सामान्यतः अशा चौकटी भरीत नाही. परिणामी मुखपृष्ठाची नोंद होते, पण ज्या माहितीसाठी स्थळ उभारले ती शोधकर्त्यापर्यंत पोहोचत नाही. या तीनशे पत्त्यांची सूची क्रॉलरच्या हाती देणे, हे साइटमॅपचे कार्य होय. याउलट सु. पाचशेपर्यंत पृष्ठे असलेल्या आणि मुखपृष्ठापासून सर्वत्र दुव्यांनी जोडलेल्या स्थळास साइटमॅपची गरज बहुधा भासत नाही, असे गूगलचे मार्गदर्शन आहे.

इतिहास : संकेतस्थळाच्या कोणत्या भागात क्रॉलरने जाऊ नये हे सांगणाऱ्या ‘रोबॉट्स.टीएक्सटी’ या फाइलची पद्धत मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचविली. कोणती पृष्ठे उपलब्ध आहेत हे सांगणारी साइटमॅपची पद्धत गूगलने जून २००५ मध्ये सुरू केली. नोव्हेंबर २००६ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी तिची ०.९० ही आवृत्ती समाईक म्हणून स्वीकारली. २००७ मध्ये साइटमॅपचा पत्ता रोबॉट्स.टीएक्सटीमध्येच नमूद करण्याची सोय झाली.

रचना : साइटमॅप प्रायः एक्सएमएल या खूणभाषेत लिहितात. ‘यूआरएलसेट’ या बाह्य खुणेत प्रत्येक पृष्ठासाठी ‘यूआरएल’ हा एक घटक असतो. त्यात ‘एलओसी’ म्हणजे पृष्ठाचा पूर्ण पत्ता देणे अनिवार्य असते. शेवटच्या बदलाची तारीख दर्शविणारी ‘लास्टमॉड’, बदलाची वारंवारता दर्शविणारी ‘चेंजफ्रीक’ व सापेक्ष महत्त्व दर्शविणारी ‘प्रायॉरिटी’ या खुणा ऐच्छिक आहेत. त्यांपैकी शेवटच्या दोन गूगल विचारात घेत नाही. लास्टमॉडची तारीख सातत्याने खरी आढळल्यासच ती उपयोगात आणली जाते. त्यामुळे मजकूर न बदलता सर्व पृष्ठांवर रोज नवी तारीख घालणे निष्फळ तर ठरतेच, शिवाय खऱ्या तारखांवरील विश्वासही त्यामुळे नाहीसा होतो.

एका साइटमॅपमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते देता येतात व संक्षेपन न केलेल्या फाइलचा आकार ५० मेगॅबाइटपर्यंत असू शकतो. याहून मोठ्या स्थळांसाठी अनेक साइटमॅप करून त्यांची एक निर्देशसूची तयार करतात. लहान स्थळास एकच फाइल पुरेशी होते. एका ओळीत एक पत्ता अशी साधी मजकूर-फाइलही ग्राह्य असते.

फाइल यूटीएफ-८ या संकेतनात असावी लागते. देवनागरी अक्षरे असलेला पत्ता देताना त्याचे टक्केचिन्हयुक्त रूपांतर करावे लागते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते आणि प्रत्येक बाइट रूपांतरात तीन चिन्हांनी लिहिला जातो. त्यामुळे ‘पुणे’ या शब्दातील चार चिन्हांची (दोन व्यंजने व दोन स्वरचिन्हे) ३६ चिन्हे होतात. पत्ता २,०४८ चिन्हांहून कमी लांबीचा असावा असा नियम असल्याने, लांबलचक मराठी शीर्षके जशीच्या तशी पत्त्यात घालताना याचे भान ठेवणे इष्ट ठरते.

सादरीकरण : साइटमॅप शक्यतो स्थळाच्या मूळ निर्देशिकेत ठेवतात, कारण उपनिर्देशिकेतील फाइल सामान्यतः त्या उपनिर्देशिकेतील पृष्ठांपुरतीच लागू मानली जाते. नंतर रोबॉट्स.टीएक्सटीमध्ये तिचा पूर्ण पत्ता देणारी एक ओळ लिहितात, अथवा गूगल सर्च कन्सोल, बिंग वेबमास्टर टूल्स यांसारख्या सेवांमार्फत ती सादर करतात. या सेवांत फाइल वाचली गेली की नाही व तीत कोणते दोष आढळले, हेही समजते. विशिष्ट पत्त्यावर संदेश पाठवून गूगलला बदल कळविण्याची जुनी सोय २०२३ मध्ये बंद करण्यात आली.

मर्यादा : साइटमॅप ही सूचना आहे, आज्ञा नव्हे. पृष्ठाचा शोध लागणे, ते वाचले जाणे, त्याची नोंद होणे व शोधफलात त्यास वरचे स्थान मिळणे या चार भिन्न पायऱ्या असून साइटमॅपचे साहाय्य मुख्यतः पहिल्या पायरीपुरते असते. नष्ट झालेली, अन्यत्र वळविलेली किंवा नोंद करू नये असा निर्देश असलेली पृष्ठे सूचीत ठेवल्यास परस्परविरोधी संकेत जातात. म्हणून सूची वेळोवेळी तपासावी लागते. तसेच साइटमॅप हा परस्पर-दुव्यांना पर्याय नव्हे. वरील उदाहरणातील ग्रंथालयाने साइटमॅपबरोबरच विषयवार याद्यांची पृष्ठे करून प्रत्येक ग्रंथवर्णनाकडे दुवा दिल्यास क्रॉलर व वाचक या दोघांचीही वाट सुकर होते.