हवेतली रांग

दिवाळीत घरी आठ माणसे जमली होती आणि फोन अकरा. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही मागच्या खोलीत नाटक लावलंत की आमचं सगळ्यांचं वायफाय रखडतं." मला राग आला. जुना असला म्हणून काय झाले? पण चौकशीअंती कळले, की पोरगे खरे बोलत होते.

घरातले सगळे फोन एकाच हवेत बोलतात. दोघे एकदम बोलले, की दोघांचेही वाया. ही अडचण पहिल्यांदा सोडवली ती हवाई बेटांवर. नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या विद्यापीठात १९७१ साली 'अलोहानेट' सुरू केले. नियम साधा: वाटेल तेव्हा बोला, पोच आली नाही, तर थोडे थांबून पुन्हा बोला. या मोकळिकीत वाहिनीचा उपयोग फार तर १८ टक्के होतो, असे गणित निघाले.

वायफाय अधिक सभ्य. ते आधी कान देते. दुसऱ्याचे संपले तरी लगेच तोंड उघडत नाही. ० ते १५ मधला कुठलाही आकडा धरून उलटे मोजते. मध्येच कोणी बोलू लागले, तर मोजणी थांबते, पुसली जात नाही. (आमच्या बँकेत जेवायला गेलेल्याचा नंबरही असा राखत नसत!) पोच आली नाही, की मर्यादा ३१, मग ६३, अशी १०२३ पर्यंत वाढते. वर कोणी साहेब नाही.

मग माझा दोष कुठला? बँकेत एक गृहस्थ दर सोमवारी पिशवीभर चिल्लर घेऊन येत. पितळी टोकन त्यांनाही एकच. पण त्या एका टोकनात मागचे वीसजण ताटकळत. दोन भिंतींपलीकडचा माझा फोन ऐकू जावे म्हणून सावकाश बोलतो. पाळ्या सारख्या, वेळ सारखा नाही. ११ मेगाबिटच्या यंत्रांजवळ १ मेगाबिटचे एक आले, तर सगळीच त्याच्या पातळीवर घसरतात, हे ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले.

काही नवे राउटर पाळीऐवजी वेळ सारखा वाटतात. म्हणजे माझे नाटक अडखळणार. मला ते पटत नाही. चिल्लरवाल्यांसाठी आम्ही वेगळी खिडकी उघडली होती.

नातवाने तेच केले. बाकीचे फोन ५ गिगाहर्ट्झवर नेले. माझा २.४ वरच आहे, शेजारच्या बिऱ्हाडांच्या गर्दीत.