कराटे खरंच आपल्याकडून गेलं का? आणि आपल्या आखाड्यातल्या काठीचा इतिहास कोण लिहिणार?

वाशिम : कराटेचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. दक्षिण भारतातला बोधिधर्म नावाचा भिक्खू चीनमधल्या शाओलिन मठात गेला, तिथं त्यानं लढाईची विद्या शिकवली आणि तीच पुढं कराटे झाली, म्हणजे कराटे मूळचं आपलंच. ऐकायला गोड आहे, पण कागद तपासले की गोष्ट टिकत नाही. बोधिधर्माचं नाव चीनमध्ये ध्यानाच्या परंपरेशी जोडलेलं आहे. त्यानं व्यायाम आणि लढाई शिकवल्याची गोष्ट मात्र सतराव्या शतकातल्या एका पोथीपासून सुरू होते, म्हणजे त्याच्यानंतर हजार वर्षांनी. तांग हाओ या चिनी अभ्यासकानं १९३० च्या सुमारास जुने ग्रंथ पडताळून हा दावा खोडून काढला होता. तरी मेसेज अजून चालूच आहे.

कराटेचं खरं गाव ओकिनावा. जपानच्या दक्षिणेकडची ही बेटं पूर्वी रयुक्यू नावाचं वेगळं राज्य होतं आणि त्यांचा चीनशी मोठा व्यापार चालायचा. तिथली स्थानिक हातघाईची विद्या आणि चीनमधून आलेले डाव यांची मिसळ होऊन कराटे घडलं. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी हे राज्य जिंकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसू अंको या गुरूंनी कराटे शाळांमध्ये आणलं. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा जपाननं त्याची दखल घेतली. नावाचीही गंमत आहे. आधी कराटेचा अर्थ होता ‘चिनी हात’. १९३६ मध्ये नाहा शहरात ओकिनावाचे गुरू जमले आणि उच्चार तोच ठेवून लिहायची अक्षरं बदलली, अर्थ झाला ‘रिकामा हात’. तेव्हा जपान आणि चीनचं बिनसलेलं होतं, पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. रंगीत पट्ट्यांची पद्धत तर ज्युदोतून उचललेली आहे.

हात रिकामा म्हटलं तरी ओकिनावात हत्यारंही शिकवतात. लांब काठी, त्रिशूळासारखी दिसणारी साई, तोन्फा, नानचाकू, विळा, होडीचं वल्हंसुद्धा. नानचाकू आपल्याकडं ब्रूस लीच्या १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’ सिनेमामुळं पोहोचला. या हत्यारांबद्दलही एक आवडती गोष्ट सांगतात : राजानं शस्त्रबंदी केली, म्हणून शेतकऱ्यांनी शेतीच्या अवजारांचीच हत्यारं केली. शेतकऱ्याला ही गोष्ट भावणारच. विळा आणि वल्ह्याबाबत तिच्यात तथ्यही दिसतं. पण साई तिथले पोलीस वापरायचे. काठीच्या एका प्रसिद्ध डावमालिकेचं नावच ‘साकुगावांची काठी’ असं आहे, आणि हे साकुगावा शेतकरी नव्हते, दरबारातल्या अधिकारी वर्गातले होते. डावाचं नाव जपलं गेलं म्हणून तो कोणाचा होता हेही आज कळतं.

ही नावं आपोआप टिकली नाहीत. शिंकेन तायरा (१८९७ ते १९७०) या माणसानं जुन्या जाणत्यांकडून काठीचे, साईचे, वल्ह्याचे डाव शिकून घेतले आणि चाळीसपेक्षा जास्त डावमालिका एकत्र केल्या. तसं झालं नसतं तर त्यातल्या कित्येक त्या म्हाताऱ्यांबरोबरच गेल्या असत्या.

आता आपल्याकडं बघा. गणपतीच्या मिरवणुकीत, शिवजयंतीला आखाड्याची पोरं काठी, बनेटी, फरी-गदगा, दांडपट्टा खेळतात. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल, गदगा म्हणजे चामडं मढवलेली काठी. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते आणि पातं लवचिक, दुधारी असतं. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. पण गावात तो कोणाकडून आला, हे विचारलं तर ‘पहिल्यापासून आहे’ एवढंच उत्तर मिळतं.

खरं तर नावांमध्ये बरंच लपलेलं आहे. ‘तमाचा’, ‘बाहेरा’ या मारांच्या नावांत ‘तमाचा’ फारशीतून आलेला शब्द आहे. ‘वस्ताद’ म्हणजे ‘उस्ताद’, तोही फारशीच. म्हणजे ही विद्या वेगवेगळ्या फौजांतून, वेगवेगळ्या जातीधर्मांच्या हातांतून फिरत आली. बोधिधर्माच्या मेसेजपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का आहे.

लिहिलेलं काहीच नाही असंही नाही. बडोद्याला द. चिं. मुजुमदार यांनी मराठीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं आणि त्यांच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले. ज्या वर्षी कराटेचं नाव ठरलं, त्याच वर्षी वऱ्हाडची पोरं जर्मनीत मैदानावर होती!

नोंद नसली की नुकसान होतं ते असं : जून २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पंजाबचा गतका, मणिपूरचं थांग-ता, केरळचं कलरीपयट्टू आणि मल्लखांब यांना जागा मिळाली. आपला मर्दानी खेळ त्या यादीत नव्हता. स्पर्धेला लिहिलेले नियम आणि मारांची एकसारखी नावं लागतात. आपल्याकडं एका तालुक्यातलं नाव दुसऱ्या तालुक्यात चालेलच असं नाही.

गावातला जुना वस्ताद हयात असेल तर मोबाईल पुरेसा आहे. व्हिडिओ आडवा धरून काढा, पाय दिसले पाहिजेत, कारण काठीचा अर्धा खेळ पावलांत असतो. प्रत्येक माराचं नाव त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्या. तुम्हाला कोणी शिकवलं, तो वस्ताद कोणत्या गावचा, हे विचारा. साल आठवत नसेल तर ७२ च्या दुष्काळाआधी की नंतर असं विचारा, लगेच सांगतील. तीच गोष्ट दुसऱ्या जाणत्याला वेगळं बसवून विचारा. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहून ठेवा, स्वतः निकाल देऊ नका. आखाड्याचा जुना ग्रुप फोटो असेल तर त्याची मागची बाजूही टिपा, नावं बहुतेक तिथंच असतात.

सरकारी कागद शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीचं बरंचसं अकोला जिल्ह्याच्या नावाखाली सापडेल, १९१० चं इंग्रजी गॅझेटियरसुद्धा.

आणि माळ्यावर जुना पट्टा निघालाच, तर त्याचा फोटो काढा, लांबी मोजा, मुठीवर काही कोरलंय का बघा. धार लावून चौकात रील करू नका, गुन्हा दाखल होऊ शकतो. सरावाला लाकडी किंवा बोथट पट्टाच घ्यावा.