पिस्टनला मागे कोण ओढतं?

वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदला जाणारा रस्ता पावसाळ्यात जुन्या गाडीचे ब्रेक पारखून घेतो. हजार किलोंची गाडी १०० मीटर उंची उतरली की जवळपास ९.८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनाने काहीच आवरलं नाही, तर ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेत तीन लिटर पाणी उकळीला येईल! यातला मोठा वाटा उचलतात पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक, आणि त्यांचे पॅड डिस्कवर दाबतात ओतीव लोखंडाचे दोन कॅलिपर.

पाय दाबला की ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलतं आणि पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी धरतात. पण पाय उचलल्यावर? ड्रम ब्रेकमध्ये लायनर मागे ओढायला स्प्रिंग असते. बहुतेक कॅलिपरमध्ये तसली स्प्रिंगच नसते. पिस्टनला मागे आणतं ते चौकोनी छेदाचं रबरी सील. पिस्टन पुढे सरकताना ते खाचेत बसल्या जागी किंचित पिरगळतं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे घेतं. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि पॅड-डिस्कमधली फट पुन्हा तेवढीच राहते. तेल अडवणं, पिस्टन मागे घेणं, झीज भरून काढणं, ही तिन्ही कामं एकच कडी करते. मला मोटारीत याहून सुंदर भाग दुसरा दिसत नाही.

जुना, मूळचा कॅलिपर पुन्हा जिवंत करताना हेच आधी समजून घ्यावं लागतं. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते. त्यांच्या व्हील सिलिंडरमध्ये रबर पिस्टनबरोबर सरकतं, म्हणून तिथे सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत लागते. पद्मिनीवर हात बसलेला मिस्तरी साहजिकच आधी भिंत तपासतो. कॅलिपरमध्ये उलटं आहे. सील खाचेत स्थिर बसतं आणि पिस्टन त्यावरून सरकतो. भिंतीवरचा हलका गंज साफ करून चालतो, पण पिस्टनच्या क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी तो बाद. जुन्या गाड्यांना पुष्कळदा स्टेनलेस स्टीलचे नवे पिस्टन बसवतात, ते यामुळेच.

हे खड्डे पडतात पाण्याने. पिस्टनवरचं डस्ट कव्हर फाटलं की बाहेरचं पाणी शिरतं. शिवाय नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. पासलीसारख्या सह्याद्रीच्या पट्ट्यात चार महिने त्याला ओलाव्याची काय कमी? ताज्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर तेल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल सरळ खाली जातं. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही.

कॅलिपर खोलताना पिस्टन हवेच्या दाबाने काढत असाल तर समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं लांब. पिस्टन गोळीसारखा सुटतो. बोल्टने जोडलेले कॅलिपरचे दोन अर्धे विनाकारण वेगळे करू नयेत. रबराला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल लागू देऊ नका, ते फुगतं. आणि बसवताना डावा-उजवा कॅलिपर पाहून घ्या. हवा काढायचं निपल वरच्या टोकाला हवं. अदलाबदल झाली तर ते खाली जातं, हवा वर अडकून राहते आणि कितीही ब्लीड केलं तरी पेडल मऊच लागतं.

१९०२ साली फ्रेडरिक लँचेस्टरने इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा तांब्याचे पॅड धातूवर घासून कर्कश किंचाळत. आज तुमच्या जुन्या गाडीचे कॅलिपर शांत असतील, म्हणून ते धड आहेत असं धरून चालू नका. पाऊस सुरू होण्याआधी चाकं काढा, डस्ट कव्हर बघा आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलूनच घाटाकडे निघा.